पुढचा हॉरेसचा, मागचा क्लेमचा

क्रॉबरी गावात दोन म्हातारे रोज एकमेकांना टोमणे मारायचे ते ग्वेन बेडोजच्या तोंडून. त्यांत तिचा स्वतःचा एकही शब्द नसायचा. ती फक्त पोचवायची.

सकाळी गॅरेजचं दार उघडून, किटली चढवून ती चहाचा पहिला घोट घेतेय न घेतेय तोच हॉरेस प्रीस येऊन उभा राहायचा. चाळीस वर्षं टपाल वाटलेला माणूस, निवृत्त झाला तरी निरोपाची खोड काही जात नव्हती. “क्लेमला सांग,” तो म्हणायचा, “त्याच्या कुंपणातली गोगलगाय काल माझ्या कोबीपर्यंत आली. त्याच्या घरात कामाची घाई असलेला तेवढा एकच जीव आहे.”

दुपारी ग्वेन अंडी आणायला क्लेमेंट प्रीसकडे जायची. हा घड्याळं दुरुस्त करायचा आणि डोळ्याचं भिंग न काढताच बोलायचा. “हॉरेसला म्हणावं, ती तुझ्याकडे आली कारण तिला वाटलं, आपल्यातलाच कोणीतरी दिसतोय. पत्रं वाटायचास तेव्हाचा तुझा वेग तिच्या आजीनं पाहिलेला आहे.”

ग्वेन परतताना गल्लीभर हसत यायची. हसणं बरं नव्हे, हे तिला कळत होतं. दोघे सख्खे भाऊ, घरं समोरासमोर, एकाचा पडदा हलला की दुसऱ्याला दिसावा इतकी अरुंद गल्ली, आणि अकरा वर्षांचा अबोला. त्या अबोल्याचं मूळ कुठे होतं ते गावात एकट्या ग्वेनला ठाऊक होतं. मूळ तिच्याच कामाच्या टेबलावर होतं.

झालं होतं ते असं. या दोघांचा बाप एमॉस प्रीस. गॅरेज मूळचं त्याचं. युद्धाच्या दिवसांत हाताखाली पुरुष मिळेना म्हणून त्यानं ग्वेनला पाना धरायला शिकवलं, आणि मुलांना ग्रीसचा वास सोसत नाही असं पाहून पुढे गॅरेजही तिच्याच हवाली केलं. मुलांना ठेवली ती गाडी. १९३४ सालची, हिरवी, उघडी, दोन माणसांची. क्रॉबरीच्या टेकडीवर दर सप्टेंबरात गाड्या चढवण्याची शर्यत होते, तीत एमॉसनं ती तेरा वेळा वर नेली होती.

त्या गाडीला दोन कार्बोरेटर. एक पुढचा, एक मागचा. दोघांनी सारखी हवा ओढली तर इंजिन मांजरासारखं गुरगुरतं. एकानं जास्त ओढली की दुसरा रुसतो आणि गाडी खोकायला लागते. ते जुळवायची एमॉसची तऱ्हा जगावेगळी होती. दोन पोरांच्या हातात रबरी नळीचा एकेक तुकडा द्यायचा. नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानाशी. आत जसा सूं आवाज येईल तसाच सूर पोरानं नाकातून काढायचा. हॉरेस थोरला, तो पुढच्यापाशी. क्लेमेंट मागच्यापाशी. दोन पोरं दोन सुरांत हुंकार भरताहेत आणि बाप डोळे मिटून स्क्रू पिळतोय, दोन्ही सूर एक होईपर्यंत. गाव म्हणायचं, प्रीसांच्या घरी गाडीची प्रार्थना चालते.

म्हणून पुढचा कार्बोरेटर हॉरेसचा, मागचा क्लेमचा. बापानं तसं कोरूनच ठेवलं होतं. प्रत्येक कार्बोरेटरवर एक पितळी घुमट असतो आणि त्या घुमटात एक दट्ट्या वरखाली सरकतो. हे दोघे कारखान्यातून जोडीनं येतात, एकमेकांच्या मापानं घासलेले. याचा दट्ट्या त्याच्या घुमटात घातला तर बसतो खरा, पण अडखळतो. एमॉसनं एका जोडीवर खिळ्यानं ‘एच’ ओरखडलं होतं, दुसरीवर ‘सी’. ग्वेनला पहिल्याच महिन्यात त्यानं बजावलं होतं, “पोरी, नवरा बदललास तरी मी काही म्हणणार नाही. दट्ट्ये बदलू नकोस.”

तिनं बदलले. १९७० च्या सप्टेंबरात, शर्यतीच्या आदल्या दिवशी. तिचा नवरा इड्रिस त्या मंगळवारी मातीआड झाला होता आणि शुक्रवारी ती टेबलाशी उभी राहून दोन्ही दट्ट्ये एकाच डब्यात धूत होती. घरी बस, असं सगळ्यांनी सांगितलं. घरी बसायला घरात होतं कोण? धुतले, पुसले, घातले. ओरखडा बघायचं भान राहिलं नाही.

शनिवारी गाडी तिसऱ्या वळणावर खोकली, शिंकली आणि पाचशे लोकांसमोर उलटी घरंगळत गवताच्या गंजीत जाऊन बसली. हॉरेस म्हणाला, मागचा कार्बोरेटर दगा देतोय. क्लेमेंट म्हणाला, पुढचा. मग बापाच्या वेळचं सगळं निघालं. तिथेच, गंजीतच, दोघांनी पाने घेतले आणि आपापला कार्बोरेटर उपटून काढला. रागाच्या झटक्यात क्लेमेंटच्या हातात घुमट सुटून दट्ट्या उघडा पडला. ग्वेन शेजारीच उभी होती. वरच्या कडेवर ‘एच’ स्वच्छ दिसत होतं. क्लेमेंटचा चष्मा खिशात होता. त्यानं दट्ट्या परत आत कोंबला आणि निघून गेला.

तिनं तोंड उघडलं होतं. शब्द आला नाही. त्या आठवड्यात तिच्याकडे शब्द नव्हतेच. नंतर शब्द आले तेव्हा उशीर झाला होता, आणि उशिराचं असं असतं की तो दर दिवसागणिक वाढतच जातो. तिनं दुसरा मार्ग काढला. दर शनिवारी दोन पाई भाजायच्या. हॉरेससाठी डुकराचं मांस, कांदा आणि सफरचंद घातलेली, कारण त्याला गोड चालत नाही. क्लेमेंटसाठी आलुबुखाराची, कारण त्याला दुसरं काही चालत नाही. अकरा वर्षांत एक शनिवार चुकला नाही. गावाला वाटायचं, बाई मायाळू आहे. बाईला माहीत होतं की ती दंड भरतेय.

तिला भीती होती ती एवढीच. इड्रिसनंतर तिच्या दिवसाला दोन दारं उरली होती, सकाळी हॉरेसचं आणि दुपारी क्लेमेंटचं. खरं कळलं तर दोन्ही बंद होतील.

आणि या वर्षी कळायची वेळ आली. टेकडीच्या शर्यतीचं पन्नासावं वर्ष. समितीचं पत्र दोघांनाही आलं: एमॉस प्रीसची हिरवी गाडी सर्वांत आधी वर गेली पाहिजे. ग्वेनच्या तोंडून दोन दिवस वाटाघाटी झाल्या आणि दोघे राजी झाले. तिला आनंद झाला, तो फार तर एक मिनिट टिकला.

“माझा मी उघडून साफ करतो,” हॉरेस म्हणाला. त्याचा कार्बोरेटर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होता. “अकरा वर्षं पडून आहे. ब्रश आण जरा चांगला.”

उघडलं की ‘सी’ दिसणार. मग हॉरेस म्हणणार, क्लेमनं माझा दट्ट्या चोरला. क्लेम म्हणणार, चोर तू. आणि तासाभरात दोघांच्याही लक्षात येणार की दोन्ही दट्ट्ये एकाच वेळी एकाच बाईच्या हाताखाली होते.

म्हणून त्या दिवशी ग्वेननं आयुष्यात पहिल्यांदा खोटा निरोप दिला.

“क्लेमचं म्हणणं वेगळं आहे,” ती हॉरेसला म्हणाली. “तो म्हणतो, हॉरेसनं उघडला तर आतलं सामान पाकिटात घालून चुकीच्या पत्त्यावर टाकेल.”

हॉरेस तिच्याकडे बघतच राहिला. “असं म्हणाला? क्लेम?”

“अक्षर न् अक्षर.”

“कधी?”

“काल.”

हॉरेसनं खिशातून रुमाल काढला आणि त्यात तोंड घालून बराच वेळ खोकला. चांगलाच लागलेला दिसतोय, ग्वेनला वाटलं. तिला मनापासून वाईट वाटलं. “मग तूच कर,” तो शेवटी रुमालातून म्हणाला आणि डबा टेबलावर ठेवून गेला.

क्लेमेंटकडे ती तडक गेली. निरोप वाटेतच रचला. “हॉरेस म्हणतो, तू जोडलास तर कार्बोरेटर वेळ अचूक दाखवेल, पण गाडी चालणार नाही.”

क्लेमेंटनं डोळ्यावरचं भिंग काढलं. हे तिनं क्वचितच पाहिलं होतं. “छान आहे,” तो म्हणाला. मग घाईघाईनं, “म्हणजे, छान शब्द वापरतो माझ्याबद्दल. मेला.” त्यानं भिंतीकडे तोंड केलं. खांदे हलत होते. ग्वेनला वाटलं, रडतो की काय. तिनं कपाटावरच्या घड्याळाशेजारून कार्बोरेटर उचलला आणि पाय न वाजवता निघून आली.

गॅरेजला आतून कडी घातली. जुनं मेणकापड पसरलं, दोन्ही कार्बोरेटर शेजारी शेजारी ठेवले. बेत सोपा होता. दट्ट्ये ज्याचे त्याच्या घुमटात घालायचे आणि अकरा वर्षांचं पाप दहा मिनिटांत धुऊन टाकायचं. आधी हॉरेसचा उघडला. घुमट वर उचलला, दट्ट्या बाहेर सरकवला आणि खिडकीकडे धरला.

‘एच’.

तिनं चष्मा पुसला. एचच होता. घुमटावर एच, दट्ट्यावर एच. तिनं क्लेमेंटचा उघडला. सी आणि सी.

ग्वेन स्टुलावर बसली. आपल्याला वेड लागलंय का, हा विचार आधी आला, मग एमॉसचं भूत आलं असेल का, हा आला. भुताला पितळेवर तेल लावायची सवय नसते, हे तिसऱ्यांदा सुचलं. कारण दोन्ही दट्ट्यांच्या दांड्यांवर पातळ, फिकट, ताजं तेल होतं. असलं तेल गावात एकाच घरी मिळतं, आणि ते घड्याळात घालतात.

तिनं घुमट बोटांत उलटा धरला, भोकावर अंगठा दाबला आणि दट्ट्या आतून घसरायला किती वेळ लागतो ते मोजलं; जुळलेल्या जोड्या सारखाच वेळ घेतात. पाच सेकंदांत खाली. दुसरी सोडली. पाच. जुळ्या मुलींसारख्या वागत होत्या. जोड्या जागेवर होत्या, आणि हे काम एकट्या माणसाचं नव्हे. हॉरेसच्या डब्यातला दट्ट्या क्लेमेंटच्या कपाटावर गेल्याशिवाय आणि तिथला इकडे आल्याशिवाय हे होणं शक्य नव्हतं. म्हणजे कोणीतरी गल्ली ओलांडली होती.

मग तिला हॉरेसच्या दाढीतला जांभळा डाग आठवला. रविवारी चर्चमध्ये दिसायचा, कधीकधी सदऱ्यावरही. तिला वाटायचं, जॅम असेल. गोड न चालणाऱ्या माणसाच्या दाढीत जॅम!

“अस्सं,” ग्वेन रिकाम्या गॅरेजला म्हणाली. तिला राग आला. मग हसू आलं. मग इतका राग आला की तिनं चहा तसाच ओतून दिला आणि कामाला लागली. काम मात्र तिनं चोख केलं. हवेच्या झडपांच्या झिजलेल्या दांड्यांपाशी हवा गळत होती, त्यांना नवी अस्तरं बसवली. पेट्रोल सोडणाऱ्या जेटभोवतीच्या बुचाच्या चकत्या रात्रभर तेलात भिजवून बदलल्या. पेट्रोलचं माप ठरवणाऱ्या दोन्ही सुया एकाच उंचीला आणल्या. गुन्हेगार असले तरी कार्बोरेटर एमॉसचे होते.

रविवारी चर्चनंतर तिघं गाडीच्या शेडपाशी जमले. अकरा वर्षं तिच्या दारावर दोघांचं एकेक कुलूप होतं. हॉरेसनं आपलं कुलूप काढलं, दूर झाला. मग क्लेमेंटनं आपलं काढलं. एकमेकांकडे पाहायचं नाही हा नियम दोघं इतक्या सफाईनं पाळत होते की आज ग्वेनला त्यांची कमाल वाटली. तिनं कार्बोरेटर बसवले, इंजिन चालू केलं आणि ते तापेपर्यंत दोघांच्या हाती नळीचा एकेक तुकडा दिला.

“येतं ना अजून?”

दोघांनी माना डोलावल्या. हॉरेस पुढच्यापाशी वाकला, क्लेमेंट मागच्यापाशी. साठी उलटलेले दोन म्हातारे, पार्श्वभाग आभाळाकडे, कानात नळ्या. हॉरेसनं सूर काढला. क्लेमेंटचा थोडा वर लागला. ग्वेननं मागचा स्क्रू केसभर सोडला, पुढचा तेवढाच आवळला. सूर जवळ आले, एकमेकांना घासले, आणि एक झाले. इंजिन गुरगुरायला लागलं.

तिनं इंजिन बंद केलं.

“हॉरेस,” ती हात पुसत म्हणाली, “क्लेमचा एक निरोप द्यायचा राहिला.”

“माझा?” क्लेमेंट दचकला.

“तो म्हणतो, आलुबुखाराची पाई वाटून घेताना मोठा तुकडा दर वेळी तू ढापतोस.”

“मी?” हॉरेस उसळलाच. “मोठा तुकडा मी? क्लेम, लाज वाटत नाही? सुरी कायम तुझ्या हातात, आणि वर माझी मांसाची पाई निम्म्याहून जास्त तूच—”

त्यानं जीभ चावली.

“वा,” क्लेमेंट हळूच म्हणाला. “अकरा वर्षं सांभाळलं. आणि पाईवरून तोंड उघडलंस.”

“कधीपासून?” ग्वेननं विचारलं. तिचा आवाज तिला वाटला होता तितका कडक निघाला नाही.

दोघे गाडीच्या पायरीवर बसले, खोड्या करताना पकडलेल्या पोरांसारखे. बोलला तो हॉरेस. “त्याच डिसेंबरपासून. मी डबा उघडला तर आत ‘सी’. म्हटलं, या चोराला जाब विचारतो. दार उघडलं तर हा चोर गल्लीत, मोज्यात माझा ‘एच’ घालून माझ्याकडेच निघालेला.”

“मग बसलो, विचार केला,” क्लेमेंट म्हणाला. “दोन्ही एकाच डब्यात कोणी धुतले असतील.”

“चूक माझी होती,” ग्वेन म्हणाली. अकरा वर्षं जिभेखाली धरलेलं वाक्य एवढंसंच होतं. “मला त्याच दिवशी दिसलं होतं. गंजीतच. मी बोलले नाही.”

“तेही माहीत आहे. निरपराध बाई दर शनिवारी दोन पाई भाजत नाही,” क्लेमेंट म्हणाला.

“मग सांगितलं का नाहीत? भांडण मिटलं होतं ना? गाडी अकरा वर्षं या शेडमध्ये—” तिनं हातातलं फडकं गाडीकडे झटकलं.

हॉरेस टोपी हातात फिरवत राहिला. “सांगायलाच निघालो होतो. दोघंही. मी आत आलो, हा दाराबाहेर थांबला. तू टेबलाशी उभी होतीस. पुढ्यात काम नव्हतं, नुसतीच उभी. इड्रिस गेल्यापासून तुझ्या तोंडून ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच ऐकलं होतं गावानं. मला सुरुवात कशी करावी कळेना. म्हणून गंमत केली. म्हटलं, क्लेमला सांग, तुझ्यापेक्षा तुझ्या भिंतीवरच्या घड्याळातला कोकीळ बरा, तो निदान तासाला एकदा तरी घराबाहेर डोकावतो.”

“आणि तू हसलीस,” क्लेमेंट म्हणाला. “मी बाहेरून ऐकलं.”

“म्हटलं, उद्या सांगू. उद्या हा उत्तर घेऊन बसला होता. तू परत हसलीस.”

“मग राहूनच गेलं,” क्लेमेंट म्हणाला. “रोज संध्याकाळी बसायचो. दुसऱ्या दिवशीचं रचायला. अर्ध्या तासाचं काम असायचं, सोपं नाही ते. चांगले टोमणे सगळे माझे.”

“तुझे? गोगलगाय माझी होती.”

“गोगलगायीची आजी माझी.”

“याच्यावरचे माझे, माझ्यावरचेही माझेच,” हॉरेस तिला म्हणाला. “हा फक्त स्वल्पविराम घालतो. मात्र त्या दिवशीचे दोन, पाकिटाचा आणि घड्याळाचा, ते तुझे. घरी जाऊन पोट धरून हसलो. आम्हाला नसते सुचले.”

“आणि गाडी?”

दोघांनी हिरव्या गाडीकडे पाहिलं. “गाडी काय,” हॉरेस म्हणाला, “तिला उभं राहायला जमतं.”

ग्वेन मागे वळली आणि हत्यारं पुसू लागली, पुसलेलीच. अकरा वर्षं ती ज्यांचं ओझं वाहत होती ते दोघे तिलाच खांद्यावर घेऊन चालत होते, बापाची गाडी गंजू देऊन, रोज संध्याकाळी अर्धा तास डोकं लढवून. डोळे भरून आले आणि तिनं ते ग्रीसच्या फडक्यानं पुसले, त्यामुळे कपाळापर्यंत काळा पट्टा उमटला. मनातून ती इतकी सुखावली होती की त्या दोघांना बडवून काढावंसं वाटत होतं.

“ठीक आहे,” ती वळून म्हणाली. “शनिवारी दोघं मिळून गाडी वर न्या. तिसऱ्या वळणावर खोकली तर बघून घेईन. मात्र आजपासून मी तुमच्या दोघांशी बोलणार नाही.”

“अगं ग्वेन—”

“हॉरेस, क्लेमला सांग, मी त्याच्याशी बोलत नाही.” ती क्लेमेंटकडे वळली. “क्लेम, हॉरेसला सांग, त्याच्याशीही नाही. अकरा वर्षं मला टपाल करून फिरवलंत. आता मला काही हवं असेल तर एकाच्या हाती दुसऱ्याला कळवेन. शनिवारपासून पाई एकच. कसली, ते भांडून ठरवा. आणि भांडण तोंडानं करायचं, माझ्यासमोर.”

एवढं बोलून तिनं हाताची घडी घातली, दोघांकडे पाठ केली आणि शेडच्या दारातून बाहेर टेकडीकडे पाहत उभी राहिली.

मागे बराच वेळ कुजबुज झाली.

“हॉरेस,” क्लेमेंटचा आवाज आला, “विचार तिला, फार रागावली का.”

“ती बोलत नाही म्हणते.”

“मग हसतेय का ते बघ.”

हॉरेस कण्हत उठला, गुडघे वाजवत दारापर्यंत आला आणि टोपी सावरून तिच्या चेहऱ्यात डोकावला. ग्वेननं ओठ घट्ट मिटून घेतले. काही उपयोग झाला नाही.

“हो,” त्यानं आत वळून सांगितलं. “हसतेय.”